हिशेबात नसलेला ब्रेक

थ्रस्ट रिव्हर्सरपायी माझे नोकरीतले जेवढे तास गेले, त्यातले थोडेच तो नीट उघडावा म्हणून गेले. बाकीचे सगळे गेले ते तो भलत्या वेळी उघडू नये म्हणून. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही. त्याला जाणवतो तो धावपट्टीवरचा दणका: चाकं टेकतात, क्षणभर सगळं निवांत असतं आणि मग इंजिनं एकदम गर्जायला लागतात, अंग पुढे ओढलं जातं. त्या वेळी इंजिन उलटं फिरतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं काही होत नाही. इंजिन नेहमीच्याच दिशेनं फिरत राहतं. फक्त त्याच्या मागच्या झोताच्या वाटेत दोन दारं आडवी येतात.

मुंबई विमानतळाच्या कालिन्याच्या बाजूला खासगी जेट विमानांचे हँगर आहेत. तिथं मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा माझ्या वाट्याला आली ती सेस्नाची सायटेशन टू. शेपटाजवळ दोन्ही अंगांना एकेक इंजिन, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं जेटी-15डी, प्रत्येकी 2500 पौंड थ्रस्टचं. एअरलाइनमधल्या मित्रांना हा आकडा किरकोळ वाटायचा. पण रिव्हर्सर शिकायला याच्यासारखी शाळा नाही, कारण इथं सगळं उघड्यावर असतं. मोठ्या प्रवासी विमानांत इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकतो, आतल्या जाळ्या मोकळ्या होतात आणि पंख्याची थंड हवा तेवढी त्यांतून पुढे वळते. मधला गरम झोत मागेच जात राहतो. आमच्याकडे कारभार सरळ. इंजिनाच्या टोकाला वर एक, खाली एक अशी दोन बाकदार दारं, त्यांना बकेट म्हणतात. मिटलेली असताना ती आवरणात इतकी बेमालूम बसतात की नवख्या पोराला बोट लावून दाखवावी लागतात. उघडली की मागे सरकून झोताच्या मधोमध एकमेकींना भिडतात आणि थंड-गरम सगळाच झोत वर-खाली, तिरका पुढे फेकला जातो.

तिरकाच. अगदी सरळ उलटा वळवला तर तो इंजिनाच्याच आवरणावर आदळेल आणि तोंडातून पुन्हा आत जाईल. म्हणून कोन राखून वळवतात, आणि त्या कोनापायी बराच जोर वाया जातो. दारं पूर्ण उघडी, इंजिन जोरात, तरी उलट दिशेनं मिळणारा जोर सरळ जोराच्या निम्माही भरत नाही. त्यात इंजिनं उंचावर बसवलेली, त्यामुळे रिव्हर्स लागला की विमान नाक वर करायला बघतं. म्हणून आधी पुढचं चाक जमिनीला, मग रिव्हर्स, हा क्रम पायलटच्या हाडीमाशी खिळलेला असतो. रिव्हर्स मनमुराद वापरणाऱ्या कॅप्टनचं विमान मला आवरणावरच्या काजळीवरून ओळखू यायचं. ती काजळी पुसताना आमची पोरं त्या कॅप्टनचा जो उद्धार करायची, तो इथं लिहिण्याजोगा नाही.

कॉकपिटमध्ये थ्रॉटलच्या पुढच्या अंगाला दोन छोटे दांडे असतात. थ्रॉटल पूर्ण मागे, आयडलवर आल्याशिवाय ते उचलतच नाहीत. उचलले की पहिला दिवा लागतो, ‘आर्म’: हायड्रॉलिकचा दाब झडपेपर्यंत पोचला. मग ‘अनलॉक’: दारांनी पकड सोडली. मग ‘डिप्लॉय’: दारं पूर्ण उघडली. सगळं मिळून दोनेक सेकंद. हा तिसरा दिवा लागेपर्यंत एक सोलेनॉइड दांड्याला आतून अडवून धरतो, कारण दारं अर्धवट असताना इंजिनाला जोर देणं म्हणजे झोत कुठे जाईल ते देव जाणे. विमान 60 नॉटवर, म्हणजे ताशी 110 किलोमीटरच्या आसपास आलं की रिव्हर्स पुन्हा आयडलवर. त्याहून हळू वेगात जोर चालू ठेवला तर पुढे फेकलेला झोत धूळ-खडी उडवत इंजिनाच्या तोंडाशी येतो, आणि ते निस्तरायचं आम्हाला.

मिटलेली दारं मिटलेली कोण ठेवतं, हा प्रश्न मी नव्या पोरांना हटकून विचारतो. बहुतेक जण म्हणतात, हायड्रॉलिकचा दाब. पण सायटेशनमध्ये हायड्रॉलिक तेल एरवी नुसतं फिरत असतं. कशाला तरी गरज लागली तरच झडप बंद होते आणि 1500 पीएसआय दाब तयार होतो. उड्डाणात दारांवर दाब नसतोच. त्यांना धरून ठेवते ती जोडदांड्यांची मांडणी. काचेच्या बरणीच्या झाकणाला तारेची चाप असते. ती एका बिंदूपलीकडे गेली की टक्‌ करून बसते, आणि मग झाकण आतून ढकललं तर आणखीच आवळते. दारांमागचे दांडे तसेच मध्यबिंदू ओलांडून बसतात. झोताचा धक्का त्यांना उघडायच्या ऐवजी मिटवतो. रिगिंगचं, म्हणजे हे दांडे जुळवण्याचं, सगळं कौशल्य तो बिंदू नेमका कुठे ओलांडला जातो यात आहे. दांड्याची लांबी अर्धा आटा कमी-जास्त झाली की दार मिटलेलं दिसतं, दिवाही विझतो, पण हाताखाली ते पोकळ लागतं. मॅन्युअलमध्ये फट किती, ताण किती, सगळं दिलेलं असतं आणि सही मोजूनच करायची असते. तरी मोजण्याआधी मी अंगठ्यानं दाराची कड दाबून बघतो. नीट बसलेलं दार दगडासारखं लागतं. रॉड-एंड झिजला असेल तर किंचित खुळखुळ होते, ती कानाला येत नाही, बोटाला येते.

आणि हे सगळं करताना हात दोन दारांच्या मधे असतो. आमच्या सिनियरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आधी पिन, मग हात.” लाल फडकं लावलेली पिन घालून रिव्हर्सर जखडायचा, कॉकपिटमध्ये एक माणूस बसवायचा, तिथल्या दांड्यावर पाटी लावायची, मगच मागे वळायचं. ते मला अहोजाहो करायचे, पण पिन न घालता कोणी हात घातलेला दिसला की एकेरीवर यायचे.

दारांचा आणि कुलपांचा एवढा पसारा, पण त्याला हुकूम देणारी वस्तू अंगठ्याएवढी. लँडिंग गिअरच्या पायावर एक स्विच असतो, स्क्वाट स्विच. विमानाचं वजन चाकांवर आलं, पाय दबला, की तो बदलतो आणि बाकीच्या यंत्रणेला कळतं की आपण जमिनीवर आहोत. त्यानं हवेत असल्याचं सांगितलं की रिव्हर्सरला दाब पोचत नाही, दांडे कितीही ओढा. विमान जमिनीवर आहे हे पायलटला खिडकीतून दिसतं, प्रवाशाला पाठीला कळतं. यंत्राला मात्र त्या स्विचखेरीज काही कळत नाही. आणि तो स्विच बसलेला असतो विमानातल्या सगळ्यात घाणेरड्या जागी: ब्रेकची काळी पूड, ग्रीस, चाकांनी उडवलेलं पाणी. त्यात मुंबईची खारी हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी कनेक्टर उघडून बघण्याची सवय सहकाऱ्यांच्या चेष्टेचा विषय होती.

हवेत रिव्हर्सर उघडला तर काय होतं हे जगाला 26 मे 1991 रोजी कळलं. बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेल्या लाउडा एअरच्या बोइंग 767 चा डावा रिव्हर्सर चढतानाच उघडला, डाव्या पंखाची उचल बिघडली आणि विमान थायलंडच्या जंगलात कोसळलं. 223 माणसं गेली. तोवर असं धरून चालत होते की असं झालं तरी पायलटला विमान सावरता येईल. त्यानंतर या विमानांच्या रिव्हर्सरला एक जादा कुलूप आलं. उलट टोकाचं उदाहरण गमतीचं आहे, आणि ते बिझनेस जेटचंच. स्पेस शटलचे वैमानिक घडवायला नासानं गल्फस्ट्रीम टू विमानं बदलून घेतली होती. शटल इंजिनाविना, धोंड्यासारखं उतरायचं. त्याची नक्कल करायला गल्फस्ट्रीमची मुख्य चाकं खाली सोडायचे आणि चक्क हवेत रिव्हर्सर उघडायचे. तेच दार, तोच झोत. फरक इतकाच की तिथं ते मुद्दाम आणि तयारीनं उघडलं जायचं.

आता हिशेबाची गोष्ट. एका मालकाचे मॅनेजर आमच्याकडे यायचे, हुशार गृहस्थ, प्रत्येक बिल वाचणारे. रिव्हर्सरच्या दुरुस्तीचा अंदाज बघून त्यांनी विचारलं, “साहेब, मला कॅप्टन म्हणाले की विमान उतरायला किती पट्टी लागते त्या आकड्यात हे धरतच नाहीत. खरं?” खरं होतं. कोरड्या धावपट्टीवर उतरण्याचं प्रमाणित अंतर काढताना रिव्हर्सरची मदत धरत नाहीत. ते ब्रेकवर आणि पंखावरच्या स्पॉयलरवर काढतात. “मग जे हिशेबात नाही त्याच्यावर एवढा खर्च कशाला? शेजारच्या हँगरमधल्या विमानाला तर रिव्हर्सरच नाही.” तेही खरं. तिथं सायटेशनजेट उभं होतं. त्याच्या इंजिनामागे नुसत्या छोट्या फळ्या असतात, आयडलवरच्या इंजिनाचा झोत बाजूला पांगवण्यापुरत्या. उलटा जोर त्या देतच नाहीत. डसॉल्टच्या फाल्कन 900 ला इंजिनं तीन आणि रिव्हर्सर फक्त मधल्याला. एअरबस ए-380 च्या चार इंजिनांपैकी आतल्या दोघांनाच. बीएई 146 ला एकालाही नाही. रिव्हर्सर म्हणजे वजन, वजन म्हणजे इंधन, आणि प्रत्येक जोडदांडा म्हणजे आणखी एक तपासणी. मॅनेजरसाहेबांचा मुद्दा विमान बनवणाऱ्यांनाही पटलेला आहे, हे मी त्यांना कबूल केलं. पावसाळा आला की मग बोलू, एवढंच पुढे म्हणालो.

कारण ब्रेक टायरवर चालतो आणि टायर जमिनीवर. चाकं टेकतात तेव्हा पंख अजून विमान थोडं उचलून धरत असतात, चाकांवर पुरतं वजन नसतं, आणि नेमका तेव्हाच वेग सगळ्यात जास्त. पट्टीवर पाणी साचलं असेल तर टायर पाण्यावर तरंगतो. ब्रेक कितीही दाबा, घासायला काही नसतंच. हा तरंगण्याचा वेग काढायचं एक ढोबळ सूत्र नासाच्या 1960 च्या दशकातल्या प्रयोगांतून आलेलं आहे: टायरमधल्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ काढा आणि नवानं गुणा. 100 पीएसआय असेल तर 90 नॉट. दाब उतरून 81 झाला तर 81 नॉट, म्हणजे घसरण तेवढी जास्त वेळ चालणार. रिव्हर्सरला जमिनीशी देणंघेणं नाही, तो हवेला धरून ओढतो, आणि वेग जास्त असतानाच त्याचा जोर उपयोगी पडतो. ज्या काही सेकंदांत ब्रेक निकामी असतो, तेवढेच सेकंद हा कामाचा असतो.

टायरच्या दाबावरून एक अपघात आठवल्याशिवाय राहत नाही. 19 सप्टेंबर 2008 च्या रात्री अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाहून एक लिअरजेट 60 उड्डाणासाठी धावत होतं. टायर फुटले. त्यांचा दाब सुमारे तीन आठवडे तपासलेला नव्हता. कॅप्टननं उड्डाण सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा व्ही-वन म्हणजे थांबता येण्याचा शेवटचा वेग उलटून गेला होता. चौकशीत याचाही दोष धरला गेला. पण माझ्यासारख्याला रात्री झोप उडवणारा भाग त्यापुढचा आहे. टायरचे तुकडे चाकाच्या खोबणीत आपटले आणि तिथल्या वायरिंगचं, सेन्सरचं नुकसान झालं. विमान पट्टीवर घरंगळत असताना यंत्रणेची खात्री झाली की आपण हवेत आहोत. हवेत रिव्हर्सर उघडा राहणं म्हणजे संकट, म्हणून तिनं इमानदारीनं दारं मिटली. पायलटनी दांडे पूर्ण रिव्हर्सला ओढून धरले होते, म्हणजे पूर्ण जोर मागितलेला होता. दारं मिटलेली आणि इंजिन जोरात: विमान थांबायचं सोडून पुढे सुटलं. पट्टी संपली, कुंपण तोडून, रस्ता ओलांडून ते बांधावर आदळलं. दोन पायलट आणि दोन प्रवासी गेले, दोन प्रवासी भाजून वाचले.

यात एकही कुलूप चुकीचं वागलं नाही. प्रत्येकानं आपल्याला जे शिकवलं होतं तेच केलं. हवेत दार उघडू नये म्हणून माणसानं जेवढी अक्कल खर्च केली, तीच जमिनीवर उलटली, कारण पायाजवळच्या वायरीनं खोटं सांगितलं. आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. 2001 मध्ये अलाबामात एक लिअरजेट 60 उतरताना पट्टीवरच्या हरणांना धडकलं होतं, तेव्हाही असंच नुकसान होऊन रिव्हर्सर मिटले होते. कोलंबियाच्या अपघाताचा अहवाल वाचल्यापासून मी टायरचा गेज दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवला की त्यानं नोंदवलेला आकडा डोळ्यांनी बघून घेतो. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात आणि तो हळूहळू उतरतच असतो. बाहेरून बघून काहीही कळत नाही. टायरला बुटानं ठोकर मारून “ठीक आहे” म्हणणारे लोक मला अजूनही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, गेज पुढे करतो.

पावसाळ्याची गोष्ट मॅनेजरसाहेबांना सांगायची वेळ त्याच वर्षी जुलैत आली. कॅप्टननी टेक लॉगमध्ये लिहिलं: उजव्या रिव्हर्सरचा डिप्लॉय दिवा लागत नाही. आम्ही विमान हँगरमध्ये घेतलं, बाहेर धो धो. दारं उघडत होती, दोन्ही, पूर्ण. दिवा नव्हता, त्यामुळे सोलेनॉइड दांडा सोडत नव्हता. दाराच्या मायक्रोस्विचपर्यंत मीटर घेऊन गेलो. कनेक्टर उघडल्यावर दोन पिना हिरव्यागार निघाल्या, आणि स्विचच्या पोटात पाणी. कनेक्टर साफ होण्यासारखा होता, स्विच नव्हता. स्टोअरमध्ये नव्हता, देशातही नव्हता. बाहेरून यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान कोल्हापूरला जायचं होतं.

नियमात यावर उत्तर आहे. असा बिघाड घेऊन ठरावीक मुदत उडता येतं, अट ही की तो रिव्हर्सर बंद करून जखडायचा. मी दारं मिटवली, बोल्ट घातले, ओढून बघितलं, कॉकपिटमध्ये पाटी लावली, लॉगमध्ये सही केली. कागदोपत्री विमान धडधाकट होतं. सकाळी कॅप्टन आले, लॉग वाचला, पाटी बघितली आणि मला म्हणाले, “डावाही मी वापरणार नाही. ओल्या पट्टीवर एकाच अंगानं ओढलं तर नाक वळेल.” म्हणजे दोन्ही गेले. कोल्हापूरची पट्टी तेव्हा जेमतेम 1400 मीटरची होती. त्यांनी आकडेमोड केली, माझ्यासमोरच, पेन्सिलीनं. आकडे बसत होते, पण निसटते. मग मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाले, “कागदावर जमतंय. पण पट्टीवर पाणी उभं असेल तर मी बेळगावला उतरणार. साहेबांना आत्ताच सांगून ठेवा, वर गेल्यावर चर्चा नको.”

“पण तुम्हीच म्हणाला होता ना, हिशेबात धरत नाहीत?”

“धरत नाहीत. म्हणूनच कागदावर जमतंय.”

विमान बेळगावला उतरलं. साहेब मंडळी निपाणी-कागलमार्गे गाडीनं भिजत कोल्हापूरला पोचली, आणि फोनवर काय झालं ते मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं. स्विचची ऑर्डर त्याच दुपारी गेली, भाव न विचारता. तो आल्यावर बसवला, दोन्ही बाजू इंजिन चालू ठेवून तपासल्या: आर्म, अनलॉक, डिप्लॉय, मग इमर्जन्सी स्टोचा खटका टाकून दारं मिटवली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटवली. पाटी काढली, नोंद बंद केली. लॉगमधली त्यापुढची नोंद कॉफीचं मशीन पाणी गरम करत नाही अशी होती, आणि तिच्यासाठी मालकांचा फोन थेट हँगरवर आला.